प्रथिनरचनेचे विवेचन आणि माळेची उपमा

प्रथिनांच्या रचनेचे विवेचन करताना अमिनो आम्लांना मण्यांची व प्रथिनाला माळेची उपमा देण्याचा प्रघात आहे. उपमा सुबोध आहे; परंतु रसायनशास्त्राच्या कसोटीवर ती कितपत टिकते, हे पाहणे अगत्याचे ठरते.

माळेत ओवलेला मणी अविकृत राहतो व जोडणारा दोरा त्याहून निराळा असतो. प्रथिनात तसे घडत नाही. एमिल फिशर व फ्रांट्स होफमाइस्टर यांनी १९०२ मध्ये प्रतिपादन केल्याप्रमाणे एका आम्लाचा कार्बॉक्सिल गट दुसऱ्याच्या अमिनो गटाशी संयोग पावतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पेप्टाइड बंध निर्माण होतो. ज्या दोन गटांवरून ‘अमिनो आम्ल’ हे नाव पडले, तेच साखळी जुळताना खर्ची पडतात. शिवाय माळ कोणत्याही टोकाकडून ओढावी. पेप्टाइड साखळीस मात्र अमिनो टोकाकडून कार्बॉक्सिल टोकाकडे अशी निश्चित दिशा असते.

यापेक्षा कोकणातील तिठ्याची उपमा अधिक सार्थ होय. हातखंबा येथे मुंबई-गोवा महामार्ग पुढे जातो आणि रत्नागिरीचा रस्ता त्यातून पश्चिमेस फुटतो. अमिनो आम्लातील मध्यवर्ती कार्बन हा असाच तिठा आहे. त्याच्या एका अंगास नायट्रोजन व दुसऱ्या अंगास कार्बॉक्सिलचा कार्बन असतो. हा महामार्ग सर्वांत सारखा. फुटणारी पार्श्वशाखा मात्र सर्वसाधारणतः २० प्रकारची. ग्लायसिनमध्ये तिच्या जागी केवळ हायड्रोजन असतो. प्रोलिनमध्ये ती वळून नायट्रोजनपाशी पुन्हा महामार्गालाच मिळते.

हा भेद केवळ शैलीपुरता नाही. विदर्भात व नंदुरबारच्या सातपुडा परिसरात आढळणाऱ्या सिकलसेल विकारात हिमोग्लोबिनच्या १४६ घटकांच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. महामार्ग जसाच्या तसा राहतो. बदलते ती एक पार्श्वशाखा. विद्युत्भारित शाखेच्या जागी जलविरोधी शाखा आल्याने ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू परस्परांस चिकटतात व तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. एक मणी बदलल्याने एवढा अनर्थ का व्हावा, याचे उत्तर माळेच्या उपमेत सापडत नाही.

तिठ्याची उपमाही निर्दोष नाही. तीत कार्बनचा चौथा बंध, म्हणजे हायड्रोजनचा, गळतो. तिठा सपाट असतो; कार्बनचे बंध मात्र चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे रोखलेले असतात. त्यामुळेच ग्लायसिन वगळता प्रथिनांतील आम्लांना डावे-उजवेपण येते, आणि निसर्गाने बांधणीसाठी डावे रूप स्वीकारलेले दिसते. उपमा कोठपर्यंत चालते हे सांगणे, हाही अध्यापनाचाच भाग होय.