शिवलेले आणि सोवळे

डिचोली तालुक्यातील एका देवस्थानाच्या सभागृहात यंदा शिगम्याच्या सुमारास घरगुती शिवणकामाचे प्रदर्शन भरले होते. आत मेजांवर क्रोशाची तोरणे, मण्यांचे पोपट, काचेच्या चौकटींत बसवलेले टाक्यांचे गणपती अशी मांडामांड होती. आणि बाहेर, पादत्राणे काढून ठेवतात त्या पडवीत, एका दोरीवर तीन वाकळी टाकलेल्या होत्या. चौकशी करता कळले की, अंथरुणा-पांघरुणाचे कापड ओवळे, ते देवाच्या आवारात आत कसे घ्यावे, अशी हरकत निघाली आणि तडजोड म्हणून पडवी ठरली. आम्ही गेलो होतो प्रदर्शन पाहून चार शब्द लिहावेत म्हणून. आमचा निम्मा वेळ पडवीतच गेला.

हरकत घेणाऱ्यांवर रागावण्याचे कारण नाही. ती हरकत आपल्या भाषेतच मुरलेली आहे. मराठीत सुईदोऱ्याने जोडणे म्हणजे शिवणे आणि स्पर्श करणे म्हणजेही शिवणे. व्युत्पत्तीने हे दोन शब्द वेगळे असतील. पण आजीने ‘शिवू नकोस’ म्हटले की पोराच्या मनात त्यांची गाठ पडते ती पडतेच. सोवळ्याचे वस्त्र न शिवलेले असते. देवीच्या ओटीतला खण शिंप्याकडे न गेलेला असतो. कोजागिरीला पेडण्याची पुनव होते, तेव्हा रवळनाथ-भूतनाथांच्या तरंगांना लुगडी नेसवतात. तेथे निऱ्या घालणाऱ्या बोटांचे कसब पाहावे, सुईचे काम नाही. अखंड कापडाविषयीचा हा आदर खरा आहे आणि सुंदरही आहे. मात्र त्याची एक किंमत पडली. देवळांच्या लाकडी कोरीव कामाविषयी आणि भिंतींवरच्या कावीच्या चित्रांविषयी आपण अभिमानाने लिहितो. घरोघरच्या बायकांनी टाका टाका घालून जे निर्माण केले, त्याविषयी लिहावे असे आपल्याला वाटलेच नाही. शिवाशिवीच्या याच कल्पनेने माणसांनाही पिढ्यान् पिढ्या पडवीबाहेर ठेवले. त्या मानाने वाकळीचे दुःख लहान. पण मुळे वेगळी नव्हेत.

या नियमाला पडलेले एक छिद्र आतल्याच मेजावर होते, आणि ते कोणाच्या ध्यानात आलेले दिसले नाही. ती होती गोमुखी. जपाची माळ दिसू नये म्हणून जिच्यात हात घालून जप करतात, ती काटकोनात वळलेली पिशवी. अंगावर टाका न चालणारा गृहस्थ उजव्या हातावर मात्र सबंध शिवलेली वस्तू चढवून बसतो! गोमुखी कापणे सोपे नाही. मनगट ज्या वाटेने आत जाते आणि माळ ज्या तोंडाशी लोंबते, त्या दोन दिशा एकमेकींना आडव्या. कोपऱ्याशी कापड दाटले की मणी अडकतो आणि जप चुकतो. येथे ठेवलेली गोमुखी जुन्या तांबड्या धाबळीची होती. कोपऱ्यातली शिवण बाहेरच्या अंगाला घेतली होती, म्हणजे आत बोटांना ती लागू नये. बाहेरून ती ओबडधोबड दिसते. आम्हांला तीत बुद्धी दिसली.

तिच्या शेजारीच घुमटाची गवसणी होती. घुमट म्हणजे मातीचे भांडे. पोट फुगलेले, दोन्हीकडे तोंडे, एक रुंद आणि चामड्याने मढवलेले, दुसरे अरुंद आणि उघडे. 2019 साली गोवा सरकारने त्याला राज्याचे वारसा-वाद्य म्हणून मान दिला. पण हातातून निसटले की मानाचे वाद्यही फुटते. या गवसणीत जुन्या लुगड्याचे पदर एकावर एक घालून पाकळ्यांसारखे तुकडे कापले होते आणि ते उभ्या शिवणींनी जोडून भांड्याच्या पोटाचा नेमका फुगीरपणा साधला होता. चपट्या कापडाला गोल करणे ही शिवणकामातली खरी परीक्षा होय. या बाईने ती कागदी नमुन्यावाचून, भांड्यावरच कापड धरून दिली असावी, असे टाक्यांवरून वाटते.

बाकीच्या मेजांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. पोपट सगळे एकाच चोचीचे होते, कारण नमुना एकाच दुकानातून आलेला. टाक्यांच्या गणपतींत सफाई होती, परंतु कुठे चौकट मोजायला चुकली आणि तेथून काही नवे सुचले, असे एकाही ठिकाणी घडलेले नव्हते. लहान मुलाच्या खणाच्या दोन कुंच्या मात्र गोड होत्या.

आता पडवीकडे वळू. तीन वाकळींपैकी मधली पाहण्यासारखी. वरचा पदर विटलेल्या तांबड्या नऊवारीचा, काठ आडवा घेतलेला. मध्यभागाच्या थोडे डावीकडे करड्या कापडाचा चौकोन. तो पुरुषाच्या कोटाचा आहे हे त्यावरच्या रिकाम्या काजांवरून ओळखू येते. (काज, फीत, इस्त्री हे आपले शिवणाचे शब्द पोर्तुगीजांकडून आले, सुई, टाका आणि दोरा मात्र आपलेच.) धावदोऱ्याच्या ओळी कडेने सुरू होऊन चौकटीत चौकट अशा आत आत सरकतात. या पद्धतीत एक धोका असतो. खालचे पदर दर फेरीला थोडे पुढे ढकलले जातात आणि सैल कापड शेवटी मध्यावर गोळा होते. कच्च्या हाताची वाकळ तेथे पोट फुगल्यासारखी दिसते. येथे तो सैलपणा कोटाच्या चौकोनाखाली पोचण्यापूर्वीच बारीक टाक्यांनी वाटून टाकला आहे. त्यामुळे पाण्यावर वाऱ्याची झुळूक यावी तशा सुरकुत्या सर्वत्र सारख्या उठल्या आहेत. त्या सुरकुत्यांतच हवा राहते आणि ऊबही. दोन-तृतीयांश काम झाल्यावर पांढरा दोरा संपला आणि तेथून हिरवा सुरू झाला. दुसऱ्या कोणी पांढरा आणायला माणूस पाठवला असता. हिने हिरवा ओवला, आणि आतल्या चौकटी एखाद्या कुळागरात उतरावे तशा हिरव्या होत गेल्या. हा योगायोग की योजना, हे विचारावे असे आम्हांला वाटले. तिच्या मालकिणीने एवढेच सांगितले, ‘ती दाखोवपाक न्हय, पांगुरपाक.’

हे उत्तर नम्र आहे, आणि समीक्षकाला गप्प बसवणारेही. तरी आम्ही गप्प बसणार नाही. बंगालच्या कंथाही पांघरण्यासाठीच होत्या; पण गुरुसदय दत्तांनी त्या जमवल्या, आणि 1939 साली स्टेला क्रामरिश यांनी मंदिरशिल्पावर लिहिणाऱ्या त्याच लेखणीने कंथेवर निबंध लिहिला. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातील, गुलामांच्या वंशातल्या स्त्रियांनी कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर चढल्या. त्याहून जवळचे उदाहरण आपल्याच घाटावर आहे. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी जी निसटून रानात गेली, त्यांचे वंशज सिद्दी उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर-हळियाळ भागात राहतात, आणि घरात कोंकणीचे एक रूप बोलतात. त्यांच्या बायकाही कडेपासून आत शिवत जातात. कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची त्रिकोणी ‘फुले’ लावल्यावाचून वाकळ नागडी राहिली असे त्या समजतात. आमच्या पडवीतल्या वाकळींना फुले नव्हती. पण फेऱ्यांची दिशा तीच होती. कोणी कोणाकडून घेतले याचा निवाडा आम्ही करणार नाही.

पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगीजांकडे गेला; त्यापूर्वी तो सावंतवाडीकरांचा. त्या वाडीत वाळ्याच्या पंख्यांवर जरीबरोबर भुंग्यांचे हिरवे चकाकते पंख टाचून बसवीत. तिकडच्या या कसबाची नोंद 1880 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात आहे. दरबारी वस्तू असली की नोंद होते.

शिवलेल्या वस्तूला देवाच्या अंगणात सरसकट मज्जाव आहे, असेही नाही. शिगम्यात डिचोली, पेडणे आणि सत्तरी या तालुक्यांत घोडेमोडणी होते. नर्तकाच्या कमरेभोवती बांबूचा सांगाडा, पुढे घोड्याचे मस्तक आणि सांगाड्यावरून खाली लोंबणारे कापड. त्या कापडाच्या झोलावरच घोडा जिवंत होतो. ते ताठ असले तर नर्तक मेज उचलून नाचतो आहे असे वाटते. बाजारी मखमलीवर टिकल्यांचे पत्रे चिकटवून शिवून घेतलेली झूल दुरून चकाकते खरी, पण ढोलाच्या ठेक्याला ती उशिरा हलते. घरच्या जुन्या सुती लुगड्याची झूल पाऊल पडताच हलते. झूल शिवणाऱ्या मंडळींनी एवढे तरी पाहावे.

वाकळीचे संकट मात्र हरकतीहून मोठे आहे. चार-पाच पदर धुऊन मऊ झालेले सुती लुगडे असल्याशिवाय ती होत नाही. पॉलिएस्टरची साडी पदरावर पदर ठेवला की घसरते, घाम टिपत नाही आणि विरतही नाही. नऊवारी नेसणाऱ्या पिढीबरोबर वाकळीचा कच्चा मालच संपत आला आहे. दुकानांत ‘गोधडी’ म्हणून मिळते ती नव्या कापडाची आणि यंत्राच्या सरळ रेषांची असते; ती वाईट नाही, पण तिच्यात कोणाचा कोट नसतो.

म्हणून आमचे देवस्थानाच्या मंडळींस सांगणे आहे की, गाभाऱ्याचा नियम गाभाऱ्यास असावा. ज्या सभागृहात नाटकाचे पडदे चालतात आणि गाद्या-लोड घालून कीर्तने होतात, तेथे धुतलेल्या वाकळीस पुढच्या वर्षी भिंत द्यावी. आणि मांडणाऱ्यांनी ती अशी टांगावी की तिची पाठही दिसेल, कारण टाक्यांचा खरा हिशेब पाठीवर असतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो हिशेब नीट पाहावा म्हणून पुन्हा गेलो. मधली वाकळ दोरीवर नव्हती. घरी पाहुणे आले म्हणून मालकीण ती घेऊन गेली होती.