गृहसंगणकावरील संगीत : लय आणि फ्रेम

१९८६ मध्ये भारतात आलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हा गृहसंगणक दूरचित्रवाणी संचाला जोडला जाई. अशा संगणकांवरील खेळांचे संगीत बहुधा पडद्याच्या फ्रेमशी बांधलेले असे. सेकंदाला सुमारे ५० फ्रेम आणि दर फ्रेमला स्वराज्ञावली एकदा चाले. मात्रेच्या चार भागांना प्रत्येकी ६ फ्रेम दिल्यास मिनिटाला १२५ मात्रा होतात, ७ दिल्यास सुमारे १०७. मधली लय हवी असल्यास ६ व ७ आलटूनपालटून घ्यावे लागत आणि चाल किंचित लंगडे. आपल्या परंपरेत लय कलावंताच्या स्वाधीन मानली जाते; येथे तिच्या मर्यादा दूरचित्रवाणीच्या मानकाने आखल्या. ५० फ्रेमसाठी बांधलेली तीच रचना ६० फ्रेमच्या अमेरिकी संचावर १५० मात्रांनी धावते. म्हणून या संगीताच्या समीक्षेत मूळ फ्रेमगतीची नोंद अनिवार्य ठरते. अन्यथा संचाने लादलेली घाई रचनाकाराच्या नावावर जमा होईल.