१४०चा टायर आणि कांजूरचा पांढरा पट्टा

या वेळी परीक्षण एका बाइकचं. माझ्या चुलत भावाची क्लासिक ३५०. २०२२ साली घेतली तेव्हा ती शोरूममधल्या इतर पन्नास क्लासिकसारखीच दिसायची. २०२४च्या मार्चमध्ये कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका गॅरेजमधून ती 'बॉबर' होऊन बाहेर आली. हा मुलगा मुलुंडला राहतो आणि रोज एलबीएस, कांजूरमार्ग, जेव्हीएलआर करत सीप्झला कामाला जातो. मी रबराच्या घर्षणावर पीएचडी करतेय, त्यामुळे घरात टायरबद्दल काहीही निघालं की माझ्याकडे बघतात. म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच टाकू.

आधी चांगलं ते. हँडल आणि टाकी यांच्यातली रेषा सुरेख जमलीय. क्रोमचा चकचकाट काढल्यामुळे इंजिन मोकळं दिसतं, आणि एअरकूल्ड इंजिनाच्या त्या पंख्या दिसायलाच हव्यात. सीट ज्या कारागिराने शिवली त्याचा हात चांगला आहे, टाका कुठे उसवत नाही. पण टाकीवर मॅट ब्लॅक फासलाय. एनफिल्डच्या टाकीवरच्या बारीक सोनेरी रेषा चेन्नईच्या कारखान्यात अजून हाताने ओढतात. एका माणसाचं हातकाम झाकून त्यावर सगळ्या अंधेरी-बोरिवलीत दिसतो तोच काळा रंग, याला 'कस्टम' कसं म्हणायचं? माझ्यासारखी कोणाचीच नाही, असं म्हणत सगळ्यांनी एकसारखीच गाडी बनवायची!

बॉबर हा प्रकार अमेरिकेतला. वजन कमी करायला मडगार्ड कापायचे, नको ते काढून टाकायचं. कॅफे रेसर लंडनचा. एस कॅफेसमोरच्या रस्त्यावर पन्नास-साठच्या दशकांत पोरं गाड्या पळवायची, म्हणून हँडल खाली. दोन्ही शैलींमागे कारण होतं. आपल्याकडे कारण मागे राहिलं आणि आकार तेवढा आला. चार महिने पाऊस पडणाऱ्या शहरात मागचा मडगार्ड कापला की काय होतं ते भावाच्या पाठीवर जूनपासून छापलेलं असतं. सीट एकट्यापुरती झाल्यामुळे काकूंना मंडईत सोडणं बंद झालं, ते वेगळंच.

आता टायर. माझी खरी तक्रार तिथे आहे.

क्लासिकला मागे कंपनीचा टायर १२०/८०-१८ येतो. म्हणजे रुंदी १२० मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १८ इंची. भावाने बसवला १४०/७०-१८. बाहेरचा व्यास ६४९ वरून ६५३ मिमी होतो, चारच मिमीचा फरक, म्हणून तो 'बसतो'. पण १४०/७० ला साधारण ४ इंच रुंदीची रिम लागते आणि मूळची रिम त्याहून बरीच अरुंद आहे. ती बदललीच नाही. मग टायरच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा फुगून टोकदार होतो. सरळ चालताना रस्त्याला टेकतो तो मधला चिंचोळा पट्टा. ज्या जादा रबराचे पैसे मोजले ते दोन्ही बाजूंना नुसतं वारा खात फिरतं.

"पण ताई, टायर रुंद म्हणजे ग्रिप जास्त ना?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर पाठ झालंय. गाडी १९५ किलो, भाऊ ७०. त्यातलं साठेक टक्के वजन मागच्या चाकावर धरा, म्हणजे सुमारे १६० किलो. हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. भागाकार केला की ७१ चौरस सेंटिमीटर येतात. साधारण अर्ध्या पोस्टकार्डाएवढी जागा. टायरच्या भिंतीचा ताठपणा मध्ये येतो म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यात रुंदी कुठेच नाही, हे बघा. रुंद टायरने त्या अर्ध्या पोस्टकार्डाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसं नाही.

रुंद टायरला वळणावर जास्त झुकवावं लागतं, असा आक्षेप विरोधक घेतात. तोही मी करून पाहिला. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३६ किमी वेगाला फरक अर्ध्या अंशाच्या आसपास येतो. तेव्हा तो मुद्दा सोडून देऊ, भावावर उगाच अन्याय नको.

मग ग्रिप येते कुठून? रबर रस्त्याला दोन तऱ्हांनी धरतं. एक, पृष्ठभागाला अक्षरशः चिकटून. दुसरी तऱ्हा जास्त मजेची आहे. डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवरून सरकताना रबर दबतं आणि परत फुगतं, पण दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी उष्णता होऊन जाते. हा तोटा म्हणजेच ब्रेक लावल्यावर आपल्याला थांबवणारं घर्षण. त्याला हिस्टेरिसिस म्हणतात. जर्मनीतल्या यूलिशच्या बो पर्सन यांनी २००१ मध्ये याचा सिद्धांत मांडला. रस्त्याचा खडबडीतपणा मिलिमीटरपासून मायक्रॉनपर्यंत प्रत्येक पातळीवर मोजायचा आणि प्रत्येक पातळीवर रबर किती ऊर्जा गमावतं ते बेरजेत धरायचं, असं त्याचं सार. माझा निम्मा प्रबंध त्या बेरजेत अडकलाय.

पाऊस आला की मध्ये पाण्याचा थर येतो आणि चिकटणं जवळजवळ संपतं. उरतं हिस्टेरिसिस, आणि त्याला खडबडीतपणा लागतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर रंगाच्या जाड थराखाली खडीची टोकं बुजलेली असतात. ओल्या पट्ट्यावर टायरला दाबायला काही नसतंच. तिथे १२० काय आणि १४० काय. तिथे थोडाफार फरक पडतो तो रबराच्या मिश्रणाने. १९९२च्या सुमारास मिशेलिनने ट्रेडमध्ये काजळीच्या जागी बरीचशी सिलिका वापरायला सुरुवात केली आणि ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली, ती रुंदी न वाढवता.

हे सगळं आत्ता लिहिण्याचं कारण असं. जूनच्या पहिल्या पावसात कांजूरच्या सिग्नलला, झेब्राच्या पट्ट्यावरच, भावाची गाडी मागून सरकली. वेग फार नव्हता. कोपराला तीन टाके. मागे बेस्टची बस होती, तिच्या ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला. संध्याकाळी हाताला पट्टी बांधून बसलेला हा मुलगा म्हणतो, "आता १५० टाकतो."

मी खाली पार्किंगमध्ये जाऊन टायर बघितला. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, ते फारसं कोणी वाचत नाही. तिथे होतं २३१९. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. 'नवा' म्हणून विकलेला टायर पाच वर्षं कुठल्यातरी माळ्यावर पडून होता. रबर हवेतल्या ऑक्सिजनने वयात येतं, कडक होतं, आणि कडक रबर दबत नाही. पवईच्या लॅबमधून शोर ए मोजायचं छोटं ड्युरोमीटर आणून दोन्ही टायरला लावलं. काढून ठेवलेला १२०, दोन वर्षं चाललेला, तरी त्यापेक्षा हा न वापरल्यासारखा दिसणारा १४० बराच कडक निघाला. गाडी त्यामुळेच घसरली असं मी सिद्ध करू शकत नाही. पट्टा होता, पाऊस होता, पहिल्या सरीचं तेल होतं. पण पैज लावायची तर मी यावरच लावेन.

बाकीच्या साहित्याबद्दल दोन ओळी. हँडलवर फोन लावू नका. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. इंदोरी सायलेन्सरला कायद्याने १७५ सीसीच्या वर ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि आमच्या सोसायटीच्या आजोबांची त्याहून कमी. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल बघता गाडीची मूळ रचना परवानगीशिवाय बदलणं कायद्यात बसत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भावाच्या गाडीवरचे बदल मी मोजले नाहीत, काकू घाबरतील.

शनिवारी आम्ही दोघं टायर घ्यायला चाललोय. १२०/८०, तारीख मी वाचणार. मडगार्डवर अजून एकमत नाही. मॅट ब्लॅक राहणारच, असं त्याने बजावलंय.