तेलविहिरीच्या आकृतीविषयी

खनिज तेलाच्या पाठाशेजारी येणारी आकृती शिक्षकांच्या चांगल्या परिचयाची आहे. जमिनीच्या पोटात कमानीसारखा वाकलेला थर. त्यात वर वायू, मध्ये काळे तेल, तळाशी निळे पाणी. आणि वरून खाली गेलेली एक नळी. ही आकृती चुकीची आहे असे आम्ही म्हणत नाही. वायू, तेल आणि पाणी यांचा क्रम घनतेप्रमाणे बरोबरच आहे. आमची तक्रार आहे ती तिने जे दाखवलेले नाही त्याबद्दल.

तेल जणू एखाद्या पोकळ गुहेत साठले आहे असे तीत दिसते. ‘तेलविहीर’ हा आपला शब्द त्यात भरच घालतो. विहीर म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे पाण्याने भरलेला खड्डा येतो. प्रत्यक्षात तेल असते खडकाच्या बारीक छिद्रांत. हे पटवायला प्रयोगशाळा नको. गोदावरीच्या कोरड्या वाळूने ग्लास काठोकाठ भरावा आणि त्यात मापाने पाणी ओतत जावे. ‘भरलेल्या’ ग्लासात सुमारे एक तृतीयांश पाणी मावते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. तेल आले कोठून, हे आकृतीत नाहीच. सेंद्रिय द्रव्य मिसळलेल्या बारीक चिखलाचा शेल खडक खोलवर तापला की त्यात तेल तयार होते. तेथून ते सरकत सच्छिद्र खडकात येते आणि वर घट्ट थर असेल तर अडकते. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्राचेच पाहा. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि.मी.वर, समुद्रतळाखालच्या चुनखडकात हे तेल आहे. पण ते जन्मले शेजारच्या खोलगट भागांतील शेलमध्ये. आणि या साऱ्याच्या तळाशी पुष्कळ ठिकाणी लागतो तो दख्खनचा काळा पाषाण, आपल्या पांडवलेण्यांचा डोंगर ज्याचा आहे तोच.

मग आपल्या पायाखाली तेल का नाही, असे नाशिकच्या वर्गात एखादा मुलगा विचारतोच. ‘येथे अग्निजन्य खडक आहे’ हे नेहमीचे उत्तर अर्धेच आहे. लाव्हा थिजून झालेल्या बेसाल्टात तेल तयार होत नाही हे खरे. पण त्यात ते साठू शकते. गुजरातेत वडोदऱ्याजवळच्या पादरा क्षेत्रात भेगाळलेल्या बेसाल्टातूनच तेल निघाले आहे. ते गाळाच्या खडकांतून तेथे शिरले. आपल्या विहिरींचे झरेही भेगांतून आणि मुरमातून येतात, अखंड पाषाणातून नव्हे. निफाड-सिन्नरच्या शेतकऱ्याला जे ठाऊक आहे, तेच तेल शोधणाऱ्यालाही लागते!

व्यवसाय-मार्गदर्शनाची माहितीही अशीच अपुरी. समुद्रातला मनोरा, डोक्यावर हेल्मेट आणि मोठा पगार, एवढेच तिच्यात असते. तेल कंपन्यांची भरती तेलाच्या भावाबरोबर चढते-उतरते, हे सांगायचे राहून जाते. तेलाबाहेरचे काम तर गाळलेच जाते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कामात, धरणांच्या पायांत, समृद्धी महामार्गाच्या इगतपुरीजवळच्या बोगद्यात, सगळीकडे खडक ओळखणारा माणूस लागतो. एम.एस्सी.नंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील आणि केंद्रीय भूजल मंडळातील जागा तिच्यातून भरल्या जातात. हे दहावीच्या वर्गात किती जणांना माहीत असते? अकरावी-बारावीसाठी भूशास्त्र हा विषय मंडळाने ठेवलेला आहे, पण तो शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये थोडी. तेव्हा बहुतेक मुलांची या शास्त्राशी ओळख होते ती भूगोलाच्या तासाला, याच आकृतीतून.

नवा तक्ता येईपर्यंत जुन्यावरच पेन्सिलीने काम भागेल. बाजूला खोलवर शेलचा थर काढावा, त्यातून कमानीकडे चढणारे बाण दाखवावेत, आणि तेलाच्या जागी सलग काळा रंग न भरता वाळूच्या कणांमधल्या फटी तेवढ्या रंगवाव्यात.