प्रभुत्व सोडताना

तेव्हाच्या औरंगाबादेत, गुलमंडीवर, स्वातंत्र्य १५ ऑगस्ट १९४७ रोजी पोहोचले नाही. त्यासाठी आणखी तेरा महिने वाट पाहावी लागली. या प्रतीक्षेमागचा लढा अनंत भालेराव यांनी ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात सांगितला आहे. ते स्वतः त्या लढ्यातले कार्यकर्ते. त्यामुळे निवेदनाला अनुभवाचे वजन आहे. मात्र निजाम आणि रझाकार यांच्यावर वाचकाची दृष्टी खिळली, की तिसरा उत्तरदायी नजरेआड होण्याचा संभव असतो. तो म्हणजे हात झटकून निघून गेलेली ब्रिटिश सत्ता.

वऱ्हाड परत मागणाऱ्या निजामाला १९२६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ठणकावले होते, की ब्रिटिश राजसत्तेशी कोणत्याही संस्थानिकाला बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करता येणार नाहीत. तेच प्रभुत्व कोणाकडेही न सोपवता संपुष्टात येईल, असे कॅबिनेट मिशनने १२ मे १९४६ रोजी जाहीर केले. १९४७ च्या कायद्याच्या सातव्या कलमाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. सुमारे १ कोटी ६३ लाख प्रजेचे भवितव्य एका माणसाच्या मर्जीवर राहिले.

संस्थानिकांशी झालेल्या करारांचा मान राखणे भाग होते, असे समर्थन केले जाते. परंतु १९२६ मध्ये हेच करार आड आले नव्हते. जाण्यापूर्वी जबाबदार राज्यपद्धतीचा आग्रह धरता आला असता, प्रजेचा कौल मागता आला असता. फ्रेंचांनी पुदुच्चेरीत तसे केले. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी किझूर येथे १७८ पैकी १७० लोकप्रतिनिधींनी विलीनीकरणाला संमती दिली आणि १ नोव्हेंबरला कारभार शांतपणे भारताकडे आला. आपल्या अनेक कुटुंबांना जवळच्या असलेल्या गोव्यात मात्र सालाझार हटून बसले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये सैन्य धाडावे लागले.

हैदराबादेतही सप्टेंबर १९४८ मध्ये सैन्यच गेले. आधी रझाकारांचे अत्याचार झाले, मागून निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीच्या अंदाजाने या दुसऱ्या हिंसेत किमान २७ ते ४० हजार माणसे मेली. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होते.

भालेरावांचा ग्रंथ प्रत्येक मराठी घरात वाचला जावा. वाचताना मात्र निजामाच्या दोषांबरोबर लंडनच्या त्या सातव्या कलमाचाही हिशेब मांडावा. त्याची किंमत मराठवाड्यातल्या दोन्ही समाजांनी मोजली आहे.