सिन्याव्हस्की–दान्येल खटला

सोव्हिएट संघातील अंद्र्येई सिन्याव्हस्की (८ ऑक्टोबर १९२५–२५ फेब्रुवारी १९९७) आणि यूली दान्येल (१५ नोव्हेंबर १९२५–३० डिसेंबर १९८८) या दोन लेखकांवर १० ते १४ फेब्रुवारी १९६६ या काळात मॉस्को येथे चाललेला फौजदारी खटला. आपल्या कथा व निबंध टोपणनावाने परदेशी प्रसिद्ध करून त्यांनी सोव्हिएटविरोधी प्रचार केला, असा त्यांच्यावर आरोप होता. सिन्याव्हस्कीला ७ वर्षांची, तर दान्येलला ५ वर्षांची कडक शिस्तीच्या श्रमछावणीची शिक्षा झाली. ललित कृतींतील आशयासाठी लेखकांवर उघडपणे चालविलेला हा पहिला सोव्हिएट खटला, असे सामान्यतः मानले जाते. राजकीय इतिहासात त्याला जेवढे महत्त्व आहे, तेवढेच ते साहित्यसमीक्षेच्या इतिहासातही आहे. कथेतील पात्राचे बोलणे हे लेखकाचे मत मानावे काय, या वाङ्‌मयीन प्रश्नाच्या उत्तरावर येथे दोन व्यक्तींचे स्वातंत्र्य अवलंबून होते.

पार्श्वभूमी : सोव्हिएट राजवटीत प्रकाशनपूर्व अभ्यवेक्षणासाठी १९२२ मध्ये ‘ग्लाव्हलित’ ही शासकीय यंत्रणा स्थापन झाली. १९३४ मधील लेखकांच्या पहिल्या अखिल संघीय अधिवेशनात समाजवादी वास्तववाद ही साहित्याची अधिकृत पद्धती म्हणून स्वीकारण्यात आली. तेव्हापासून लेखन छापले जाण्यापूर्वी लेखक स्वतः, संपादक आणि अभ्यवेक्षक अशा तीन चाळण्यांतून जाऊ लागले. त्यांपैकी पहिली चाळणी सर्वांत परिणामकारक होती. कारण तिची नोंद कोठेच राहत नसे. स्टालिनच्या काळात लेखकांना झालेल्या शिक्षा बहुधा बंद दाराआड ठरत. स्टालिनवरील एका कवितेमुळे १९३४ मध्ये अटक झालेला कवी ओसिप मांदेल्शताम १९३८ च्या अखेरीस व्ह्‌लदिव्हस्तोकजवळच्या छावणीत मरण पावला. इसाक बाबेल या कथाकाराला १९४० मध्ये गोळी घालण्यात आली.

स्टालिनच्या मृत्यूनंतर (१९५३) नियंत्रणे काहीशी सैल झाली. मात्र त्यांची मर्यादा बर्यीस पस्तेर्नाकच्या प्रकरणात स्पष्ट झाली. त्याची डॉक्टर झिवागो ही कादंबरी १९५७ मध्ये इटलीत प्रसिद्ध झाली आणि १९५८ चे नोबेल पारितोषिक त्याला दबावाखाली नाकारावे लागले; तथापि त्याला तुरुंगात टाकण्यात आले नाही. पुढे कवी योसिफ ब्रोड्‌स्की याला १९६४ मध्ये ५ वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, तेव्हा आरोप होता तो निरुद्योगीपणाचा. त्याच्या कवितेचा अर्थ लावण्याच्या खटाटोपात न्यायालय पडले नव्हते. सिन्याव्हस्की–दान्येल खटल्यात मात्र न्यायालयाला साहित्यकृती वाचाव्या लागल्या. टोपणनावाने परदेशी लेखन छापण्यास कायद्याने बंदी नव्हती. त्यामुळे गुन्हा सिद्ध करावयाचा, तर तो कृतींच्या आशयातच दाखविणे भाग होते.

लेखक व कृती : सिन्याव्हस्की हा मॉस्को येथील गॉर्की जागतिक साहित्य संस्थेत संशोधक होता आणि नोव्ही मीर या मासिकात समीक्षा लिहीत असे. पस्तेर्नाकच्या कवितांच्या १९६५ मधील संग्रहाला त्याची प्रस्तावना आहे. हा प्रतिष्ठित समीक्षक ‘अब्राम तेर्त्स’ या नावाने गुप्तपणे कथा लिहीत होता. हे नाव त्याने ओडेसातील चोरांच्या एका गाण्यातून उचलले होते. त्याचा मित्र दान्येल हा व्यवसायाने अनुवादक. त्याचे टोपणनाव ‘निकलाय अर्झाक’. पस्तेर्नाकच्या अंत्ययात्रेत (१९६०) शवपेटीचे झाकण वाहून नेणाऱ्या या दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

समाजवादी वास्तववाद म्हणजे काय ? या अर्थाचे शीर्षक असलेला सिन्याव्हस्कीचा निबंध १९५९ मध्ये पॅरिस येथे निनावी प्रसिद्ध झाला. सोव्हिएट साहित्य हे वास्तववादी नसून अठराव्या शतकातील अभिजाततावादाला जवळचे आहे, असा त्यातील मुख्य सिद्धांत. एका अंतिम ध्येयाकडे सर्व काही वळविणाऱ्या साहित्यात आदर्श नायक असतो व स्तोत्राचा सूर असतो. उपरोधाला तेथे जागा नसते. ध्येयाऐवजी तर्ककल्पना आणि वास्तवचित्रणाऐवजी अद्‌भुत व विरूप यांचा आश्रय घेणाऱ्या कलेची अपेक्षा तो या निबंधात व्यक्त करतो. सूद इद्योत (म. शी. न्यायालय येत आहे) या त्याच्या लघुकादंबरीत स्टालिनच्या अखेरच्या दिवसांतील भयग्रस्त वातावरण असून, उपसंहारात तिचा निवेदक-लेखक स्वतःच छावणीत पोहोचतो. ल्यूबीमव्ह या कादंबरीत एका लहान गावातील सायकल दुरुस्त करणारा कारागीर संमोहनशक्तीच्या बळावर सत्ताधीश होतो.

दान्येलच्या गव्हरीत मस्क्व्हा (म. शी. मॉस्को बोलत आहे) या दीर्घकथेत शासन १० ऑगस्ट १९६० हा ‘खुल्या हत्यांचा दिवस’ म्हणून जाहीर करते. नागरिक आश्चर्य करीत नाहीत. ते त्या दिवसाची तयारी करू लागतात. रूकी (म. शी. हात) या कथेतील माजी गुप्त पोलिसाचे हात, धर्मगुरूंना गोळ्या घालण्याच्या प्रसंगापासून कापत राहतात. इस्कुप्ल्येनिये (म. शी. प्रायश्चित्त) मध्ये खबऱ्या असल्याचा खोटा आळ आलेला मनुष्य वेडा होतो. सत्तेच्या अपराधात सामान्य माणसाचा वाटा किती, हा दान्येलच्या सर्व कथांमागील प्रश्न होय.

खटला : सप्टेंबर १९६५ मध्ये दोघांना अटक झाली. खटला उघड व्हावा, या मागणीसाठी ५ डिसेंबर १९६५ रोजी, म्हणजे संविधानदिनी, मॉस्कोच्या पूश्किन चौकात निदर्शने झाली. प्रत्यक्षात खटला नावापुरताच खुला होता. प्रवेशिका निवडक लोकांनाच मिळाल्या आणि परदेशी वार्ताहरांना प्रवेश नव्हता. सुनावणीपूर्वीच इझ्व्हेस्तिया या दैनिकात लेखकांना ‘रंग बदलणारे’ ठरविणारा लेख आला, तर समीक्षिका झोया केद्रिना हिने लितेरातूर्नाया गझेता मध्ये त्यांना स्मेर्द्याकव्हचे वारस म्हटले. स्मेर्द्याकव्ह हे दस्तयेव्हस्कीच्या करामाझव्ह बंधू या कादंबरीतील खुनी पात्र. पुढे हीच समीक्षिका लेखकसंघाच्या वतीने ‘सार्वजनिक अभियोक्ती’ म्हणून न्यायालयात उभी राहिली. समीक्षेचा लेख आणि आरोपपत्र यांतील अंतर येथे उरले नाही.

रशियन प्रजासत्ताकाच्या दंडसंहितेच्या ७० व्या कलमानुसार सत्ता दुर्बल करण्याचा हेतू सिद्ध होणे आवश्यक होते. तो हेतू अभियोगपक्षाने पात्रांच्या तोंडच्या वाक्यांतून काढला. दान्येलच्या कथानायकाच्या मनात सत्ताधाऱ्यांवर शस्त्र चालविण्याची कल्पना येते. तो उतारा दहशतवादाला दिलेली चिथावणी म्हणून वाचण्यात आला. तोच नायक युद्धाच्या आठवणीने ती कल्पना झिडकारतो व कोणाचीही हत्या करण्यास नकार देतो, हे दान्येलने दाखवून दिले. सिन्याव्हस्कीच्या एका कथेतील अयशस्वी लेखक मत्सराने चेकॉव्हची निंदा करतो. ती निंदा सिन्याव्हस्कीच्या नावावर मांडण्यात आली. पात्र, निवेदक व लेखक हे तीन वेगळे असतात, अतिशयोक्ती हे कलेचे साधन आहे आणि कलाकृतीला कायद्याच्या परिभाषेत बसविता येत नाही, असे प्रतिपादन त्याला पुन:पुन्हा करावे लागले. दोघांनीही अपराध मान्य केला नाही. त्या काळातील राजकीय खटल्यांत ही गोष्ट अपूर्व होती.

मूल्यमापन : न्यायालयाने केलेला अर्थ अडाणीपणाचा होता, एवढेच म्हणून भागत नाही. त्यामागे एक सुसंगत साहित्यविचार होता. साहित्य म्हणजे ध्येयाचा प्रचार असेल, तर जी कृती ध्येयाचा प्रचार करीत नाही, ती विरोधी ध्येयाचा प्रचार करते; आणि आदर्श नायकाच्या मुखाने लेखकच बोलत असेल, तर अन्य कोणत्याही पात्राच्या मुखानेही तोच बोलणार. सिन्याव्हस्कीने १९५९ च्या निबंधात ज्या वाङ्‌मयीन संकेतांचे विश्लेषण केले, तेच संकेत १९६६ मध्ये त्याच्या विरुद्ध पुरावा ठरले. उपरोध न ओळखणारी समीक्षा दंडसंहितेच्या हाती गेली, की काय घडते, याचे हे उदाहरण होय.

तथापि बचावाच्या भूमिकेलाही मर्यादा होती. पात्र म्हणजे लेखक नव्हे, हे खरे. परंतु या कथांना राजकीय अर्थच नाही, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. ‘खुल्या हत्यांचा दिवस’ ही कल्पना स्टालिनकालीन सामूहिक अपराधाकडेच बोट दाखविते. सत्तेला त्यांत स्वतःचे प्रतिबिंब दिसले, हे चुकीचे नव्हते. त्या दिसण्याला गुन्हा ठरविणे चुकीचे होते. वाङ्‌मयीन गुणांच्या दृष्टीने दोघांचे लेखन समान दर्जाचे नाही. दान्येलच्या कथांत कल्पना प्रभावी असली, तरी पात्रे कधी कधी तिची केवळ वाहक होतात. सिन्याव्हस्कीची शैली अधिक संपन्न व बहुस्वरी आहे. मात्र ल्यूबीमव्ह मध्ये अद्‌भुताचा भार कथानकाला पेलत नाही. लेखकांनी भोगलेल्या कारावासामुळे हे दोष झाकावेत, असे नाही. तसे केल्यास न्यायालयाप्रमाणेच समीक्षाही कृतीऐवजी लेखकाच्या चरित्राचे वाचन करू लागेल.

परिणाम : साठांहून अधिक लेखकांनी दोघांसाठी जामीन राहण्याची तयारी दर्शविणारे पत्र लिहिले. उलट, मिखईल शोलखव्ह याने १९६६ च्या पक्षमहाधिवेशनात शिक्षा सौम्य असल्याचे सुचविले. त्याला लीदिया चुकोव्हस्काया हिने खुल्या पत्राने उत्तर दिले. अलिक्सांद्र गिंझबुर्ग याने खटल्याची कागदपत्रे एकत्र करून ‘श्वेत ग्रंथ’ सिद्ध केला व त्यासाठी १९६८ मध्ये स्वतः शिक्षा भोगली. एप्रिल १९६८ पासून टंकलिखित प्रतींच्या रूपाने निघू लागलेले ‘चालू घडामोडींचे इतिवृत्त’ हे अशाच नोंदींच्या परंपरेतील होय.

दान्येल १९७० मध्ये शिक्षा पूर्ण करून सुटला व मायदेशीच राहिला. सिन्याव्हस्की १९७१ मध्ये सुटला आणि १९७३ मध्ये फ्रान्सला गेला. तेथे त्याने सॉर्बॉन येथे अध्यापन केले. छावणीतून महिन्याला दोनच पत्रे पाठविण्याची मुभा होती. पत्नीला लिहिलेल्या या पत्रांतून त्याने प्रगूल्की स पूश्किनिम (म. शी. पूश्किनबरोबर फेरफटके) हे पुस्तक थोडेथोडे बाहेर पाठविले. १९७५ मध्ये ते प्रसिद्ध झाल्यावर, पूश्किनचा अवमान केल्याचा आरोप करीत देशांतर केलेल्या रशियनांनीच त्याच्यावर टीका केली. १९८९ मध्ये मायदेशी त्यातील उतारा छापला गेला, तेव्हाही तेच घडले. सोव्हिएट सत्तेचे कडवे विरोधकही तेर्त्सचे खेळकर वाक्य लेखकाचा गंभीर निर्णय म्हणून वाचत होते. खटल्यात दिसलेली वाचनाची रीत एका राजवटीपुरती मर्यादित नव्हती, हे त्यावरून दिसून येते. मात्र या टीकाकारांजवळ तुरुंग नव्हता, आणि हा फरक निर्णायक होय.

१९९१ मध्ये या प्रकरणाचा फेरविचार होऊन, दोघांच्या कृत्यांत गुन्ह्याचे घटक नव्हते, असा निर्णय देण्यात आला. तेव्हा दान्येल हयात नव्हता. [⟶ रशियन साहित्य].