वेठीपासून वाटाघाटीपर्यंत : ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथाचा एका अंगाने विचार

गोदावरी परुळेकर यांचा ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्याचे आत्मनिवेदन म्हणून त्याचे स्थान निश्चित आहे. तथापि या ग्रंथाचे आणखी एक अंग विचारार्ह आहे. मजुरीचा दर धन्याच्या मर्जीने ठरण्याऐवजी दोन पक्षांच्या बोलणीतून ठरावा, ही स्थिती कशी निर्माण होते, याची मराठीत दुर्मीळ असलेली हकीकत त्यात आली आहे. वाटाघाटीचे कौशल्य म्हणजे संभाषणचातुर्य, अशी जी समजूत आज रूढ आहे, तिची परीक्षा या हकिकतीच्या आधारे करता येते.

प्रथम घटनाक्रम पाहावा. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले आणि तेथून वारल्यांचा सभेशी संबंध जडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे परिषद होऊन वेठ न करण्याचा आणि लग्नगड्याची दास्यप्रथा मोडण्याचा निर्धार झाला. त्यानंतर गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवतास अडीच रुपये ही मागणी पुढे आली. पुढील वर्षी जंगलकामाचा संप झाला व लाकूडव्यापाऱ्यांच्या संघटनेने दिवसाला किमान सव्वा रुपया मजुरी मान्य केली.

या क्रमातच एक तर्क दडलेला आहे. आधी वेठ गेली, मग दराचा प्रश्न उपस्थित झाला. हे उलट्या क्रमाने घडणे शक्य नव्हते. जेथे श्रम फुकट घेता येतात तेथे श्रमाला किंमत नसते आणि ज्याला किंमत नाही त्याचा सौदा होत नाही. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी आयुष्य गहाण पडलेला मनुष्य कितीही वाक्‌पटू असला, तरी तो वाटाघाटीतील पक्ष ठरत नाही. नकार देण्याची शक्ती ही वाटाघाटीची पहिली अट होय. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या विख्यात ग्रंथात, करार न झाल्यास आपल्याजवळ कोणता पर्याय उरतो यावर पक्षाचे बळ अवलंबून असते, असे प्रतिपादन आहे. ते यथार्थ आहे. परंतु असा पर्याय शोधण्याइतके स्वातंत्र्य त्यात गृहीत धरलेले असते. वारल्यांना तो पर्याय आधी निर्माण करावा लागला.

दुसरी अट मापाची. ‘मजुरी वाढवा’ ही विनवणी होय. ‘पाचशे पौंडांस अडीच रुपये’ हा प्रस्ताव होय. निरक्षर मनुष्यालाही तो मुखोद्गत होतो, पाड्यापाड्यांतून न बदलता पोचतो, आणि एकेकट्या मजुराला गाठून दर पाडण्याचा मार्ग त्यामुळे अरुंद होतो. शिवाय गवत मुंबईच्या बाजारासाठी कापले जाई आणि त्याचा हंगाम थोडा. उशिराची झळ मजुराइतकीच मालकालाही लागत असल्यामुळे मागणीची वेळ हेच तिचे अर्धे बळ होते.

तिसरी अट प्रतिनिधित्वाची, आणि येथे ग्रंथ अत्यंत करुण होतो. ऑक्टोबर १९४५ मध्ये गोदावरीबाईंच्या नावाने खोटा सांगावा पसरला, हजारो वारली तळवाड्यास जमले आणि पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. ज्या समूहाचा सर्व विश्वास एका नावावर असतो, त्याला त्याच नावाने फसविता येते. आपल्या वतीने कोण बोलतो आणि त्याचा निरोप खरा कसा ओळखावा, हा प्रश्न त्या समूहाच्या जीविताचाच असतो.

ग्रंथाची मर्यादाही येथेच दिसते. लेखिकेचे लक्ष जागृतीकडे आहे. त्यामुळे भय, संघर्ष आणि निर्धार यांचे चित्रण जितके भरीव, तितके प्रत्यक्ष बोलणीचे नाही. समोरचा पक्ष कोठे नमला, कोणत्या कारणाने नमला, त्याच्यातील मतभेद कोणते, हे विस्ताराने कळत नाही. वारल्यांनी आपसांत चर्चा करून मागणी कशी घडविली, याचाही तपशील अपुरा वाटतो. चळवळीच्या नेत्याकडून तटस्थ इतिहासाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे खरे. पण करार हा जागृतीचा केवळ परिणाम नसून तिची कसोटीही आहे, याची जाणीव अधिक ठळक होती, तर ग्रंथाचे मोल वाढले असते.

या विचाराला आजचा संदर्भ आहे. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ साली, म्हणजे या ग्रंथाच्या आदल्या वर्षी, सुरू झाले. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले, आणि २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०२० साली संमत झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एकाहून अधिक संघटना असल्यास हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना मालकाशी वाटाघाट करण्यास एकमेव अधिकारी ठरते. परंतु कंत्राटदाराकरवी आलेला कामगार मूळ कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. यंत्र तेच, पाळी तीच, पण मोजणीत तो नाही. त्याला वाटाघाटीचे कौशल्य शिकविणाऱ्या वर्गात बसविले, तरी कोणाशी बोलावयाचे हा प्रश्न शिल्लक राहतो.

कौशल्य निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. नेमकी मागणी मांडणे, वेळ ओळखणे, प्रतिनिधीवर अंकुश ठेवणे ही कौशल्येच होत, आणि वारल्यांनी ती प्रत्यक्ष लढ्यात संपादन केली. ती पक्ष ठरलेल्याच्या हाती फळतात, एवढेच हा ग्रंथ दाखवितो. म्हणूनच साहित्याच्या अभ्यासकाइतकाच तो श्रमव्यवहाराच्या अभ्यासकानेही वाचावयास हवा.